सल्लागार की लेटरहेडची शोभा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या बाजूंनी आला आहे. सामाजिक न्यायाचं काम करणाऱ्या संस्था आता शाहीर, चित्रकार, नाटकवाले, वस्तीतले कार्यकर्ते यांना सल्लागार मंडळावर घेऊ लागल्या आहेत. बोलावणाऱ्या संस्थांचे आणि बोलावणं आलेल्यांचे, असे दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची संस्था विडी कामगार बायकांच्या हक्कांसाठी काम करते. नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा अशा दोन्हींखाली आहे. एक शाहीर, एक चित्रकार आणि भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणारे दोन कार्यकर्ते अशा चौघांना सल्लागार म्हणून घ्यायचं घाटतंय. बदल अर्ज द्यावा लागेल का? नियमावली बदलावी लागेल का? (विडी घरकुल)

बदल अर्ज लागत नाही. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदललं की तो लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली, बदल झाल्यापासून ९० दिवसांत, परिशिष्ट ३ मध्ये. सल्लागाराचं नाव परिशिष्ट १ वर, म्हणजे आपण ज्याला पीटीआरचा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा म्हणतो त्यावर, चढतच नाही. तरीही हौसेनं अर्ज केलात तर 'नेमकी कोणती नोंद बदलायची?' असं कार्यालय विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

नियमावलीतलं 'कार्यकारी मंडळाचे अधिकार व कर्तव्ये' हे कलम काढून वाचा. 'उपसमित्या नेमणे' हे शब्द त्यात बहुधा सापडतील, कारण बऱ्याच संस्थांनी नियमावली एकाच छापील नमुन्यावरून उतरवलेली असते. ते शब्द असले तर साध्या ठरावावर काम होतं. नसले तर नियमावलीत दिलेल्या रीतीनं दुरुस्ती करून ती धर्मादाय कार्यालयात दाखल करावी लागेल. मात्र 'दुरुस्ती करतोच आहोत, तर उद्देशांतही कला आणि संस्कृती घालून टाकू' हा मोह आवरा. उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागतं. त्यात दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा आणि तिथेही तीन पंचमांश. सल्लागारांसाठी एवढ्या भानगडीत पडायचं कारण नाही.

ठराव साधारण असा लिहा : 'संस्थेच्या कामास दिशा देण्यासाठी पुढील व्यक्तींचे सल्लागार मंडळ दोन वर्षांकरिता नेमण्यात येत आहे. या मंडळास कार्यकारी मंडळाच्या सभेत मतदानाचा, संस्थेच्या वतीने सही करण्याचा व खर्च मंजूर करण्याचा अधिकार राहणार नाही. मंडळाने दिलेल्या प्रत्येक लेखी सल्ल्यास कार्यकारी मंडळ ३० दिवसांत लेखी उत्तर देईल.' खाली सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'.

यातलं दुसरं वाक्य सल्लागाराला वाचवतं आणि तिसरं सल्ल्याला. १९५० च्या कायद्यात 'व्यवस्थापक' अशी एक व्याख्या आहे : विश्वस्त नसूनही जो न्यासाच्या कारभारावर देखरेख करतो किंवा मालमत्तेची व्यवस्था पाहतो, तो. 'विश्वस्त' या शब्दातही कायदा व्यवस्थापकाला धरतो. खजिनदार गावाला गेलेत म्हणून चेकवर चित्रकार सल्लागाराची सही घेतली, बँकेत त्यांचा नमुना देऊन ठेवला, की 'मी नुसता सल्लागार' हे पुढे चौकशीत पटवून देणं अवघड होतं. तिसरं वाक्य नसलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच : सल्ला ऐकतात, मान डोलावतात, चहा येतो.

आता तुम्ही न विचारलेलं. चौघांच्या यादीत विडी वळणारी बाई एकही नाही. मंडळ सात जणांचं करा, त्यात तिघी कामगार घ्या. एकटीला घेतलंत तर ती गप्प बसेल. तिघी असल्या तर एकमेकींकडे बघून बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, तेव्हा निमंत्रणाचं पत्र मराठीत लिहून मोकळं होऊ नका. कुणीतरी घरी जाऊन ते तेलुगूत समजावून सांगायला हवं. आणि शाहिराचं म्हणाल, तर पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला शाहीर बोलवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. हे शाहीर राम जोशींचं शहर, शाहीर अमर शेखांची बार्शी याच जिल्ह्यात. कोणत्या वस्तीत कुठला शब्द लागतो आणि कुठला टोचतो हे शाहिराला तुमच्या कार्यकारी मंडळापेक्षा जास्त कळतं. त्यासाठी त्यांना घ्या. उद्घाटनाच्या गाण्यासाठी घ्यायचं असेल तर सरळ बिदागी देऊन कार्यक्रम ठरवा.

प्रश्न : मी चित्रकार आहे. एका संस्थेनं सल्लागार म्हणून नाव देण्याची विनंती केली आहे. काम चांगलं दिसतं, पण उद्या हिशेबाची भानगड निघाली तर माझ्यावर काय येईल? होकाराआधी काय पाहावं? (जुळे सोलापूर)

सही नाही, पैशाला हात नाही आणि कारभारात दखल नाही, एवढं पाळलंत तर विश्वस्ताची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. नावाला बट्टा लागायचा तो मात्र लागतोच. म्हणून पाच कागद मागा : परिशिष्ट १ चा ताजा उतारा, नियमावली, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, शेवटच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि आयकर सवलतीची बारा-ए (संस्थेसाठी) व ८०जी (देणगीदारांसाठी) ही प्रमाणपत्रं. द्यायला काचकूच झाली तर तेच उत्तर समजा. उताऱ्याची प्रमाणित नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करूनही मिळते.

उतारा हातात आला की त्यावरची नावं आणि तुम्हाला भेटायला आलेली माणसं ताडून पाहा. आठ-दहा वर्षांपूर्वी कार्यकारिणी बदललेली, बदल अर्ज मात्र दिलेला नाही किंवा दिलेला निकालीच निघालेला नाही, असं फार ठिकाणी असतं. कागदावर वारलेली माणसं विश्वस्त असतात. यात लबाडीच असते असं नाही, बहुतेकदा आळस असतो. पण उद्या दोन गट पडले तर 'खरी कार्यकारिणी कोणती' हा वाद याच जागी पेटतो आणि दोन्ही गट तुमचं नाव वापरतात.

ऑडिट अहवालात दोन पानं नीट बघा. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद. त्यात 'अग्रिम', 'उचल', 'येणे' या शीर्षांखाली विश्वस्ताचं नाव आणि वर्षानुवर्षं तीच रक्कम दिसली तर विचारा. परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च. त्यात न्यासाच्या उद्देशांवरचा खर्च पाच घरांत विभागलेला असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, इतर धर्मादाय उद्देश. हक्कांच्या कामाचा खर्च बहुतेक शेवटच्या घरात पडतो, त्यामुळे ते घर मोठं असणं ठीक. ते रिकामं आणि आस्थापना खर्च फुगलेला, तर काम कुठे चाललंय? सोबत ऑडिटरनं द्यायच्या उत्तरांची यादी असते. विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, इतिवृत्तं ठेवली आहेत का, सभा नियमित होतात का, असे प्रश्न त्यात असतात. सगळीकडे नुसतं 'नाही' आणि 'होय' असलं तरी शेवटचा शेरा वाचा. ऑडिटरला काही सांगायचं असेल तर ते तिथे सापडतं.

तुम्ही चित्रकार आहात म्हणून आणखी एक. सल्लागार झाल्यावर संस्थेचं भिंतीचं चित्र, पोस्टर, पुस्तिकेचं काम तुम्हालाच देतील. घ्यायला हरकत नाही, पण संस्थेनं तीन दरपत्रकं मागवावीत, निर्णयाच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर असावं आणि इतिवृत्तात 'श्री. अमुक चर्चेवेळी अनुपस्थित' अशी ओळ यावी. पैसे बँकेतून घ्या. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च संस्थेला मान्य होत नाही. वर्षाचं व्यावसायिक मानधन ५० हजारांच्या वर गेलं की ते दहा टक्के कर (टीडीएस) कापून मिळेल, तो कर विवरणपत्र भरून जमेला धरता येतो.

प्रश्न : मंडळ नेमून वर्ष झालं. पहिल्या बैठकीला सगळे आले, दुसरीला तिघे, तिसरी झालीच नाही. काय चुकलं? (अशोक चौक)

पत्रासोबत तुम्ही बैठकीची सूचना जोडलीत, त्यातून बरंचसं कळलं. विषय अकरा, वेळ सकाळी अकरा, कागदपत्रं 'बैठकीत दिली जातील'.

विडी कामगार बायकांची सकाळ विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये जाते. वळलेला माल जमा करायचा, पान-तंबाखू घ्यायची, घरी आल्यावर पानं भिजवायची. अकराची वेळ त्यांच्यासाठी नाहीच. दुपारी चारनंतर ठेवा. एप्रिल-मेमध्ये साडेपाचनंतर, पत्र्याच्या हॉलमध्ये तर नकोच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ठेवू नका. दर तीन महिन्यांनी एक बैठक, दोन तास, विषय जास्तीत जास्त तीन. कागद आठ दिवस आधी. ज्यांना वाचायची सवय नाही त्यांना तोच मजकूर तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत बोलून व्हॉट्सॲपवर पाठवा, चार मिनिटांहून लांब नको.

बैठकीला येण्याचा खर्च हिशेबात धरा. मंगळवेढ्याहून येणाऱ्या कार्यकर्त्याला एसटीचं तिकीट, विडी वळणारीला बुडालेली मजुरी. दुपारभरात पाचशे विड्या राहिल्या तर हजारी दराच्या निम्मी, असा सरळ हिशेब. याला मानधन म्हणू नका. व्हाउचरवर 'बैठकीसाठी बुडालेली मजुरी' असंच लिहा. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा व्हाउचरला प्रत्यक्ष तिकीट जोडा. पूर्ण भाडं लिहिलं की ऑडिटर तिथेच बोट ठेवतो. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं, त्याखाली नाही.

दुसरी चूक वहीची. सल्लागारांच्या सह्या तुम्ही कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्त वहीतच 'उपस्थित' या रकान्यात घेतल्या आहेत. त्यानं गणपूर्तीचा घोळ होतो आणि पुढे कुणी हरकत घेतली तर त्या सभेचे ठराव अडचणीत येतात. सल्लागार मंडळाला वेगळी वही करा, तिला 'सल्ला नोंदवही' म्हणा. चार रकाने आखा : तारीख आणि कुणी सांगितलं, सल्ला (सांगणाऱ्याच्याच शब्दांत), कार्यकारी मंडळाचा निर्णय, कारण. नमुन्यादाखल एक नोंद :

'१४ जून. विडी कामगार सल्लागार. — पत्रकावर बाईचा चेहरा नको, नुसते हात काढा. चेहरा ओळखला की ब्रँचमध्ये तिचा माल नापास करतात. — मान्य. छापलेली ३०० पत्रकं वाटायची नाहीत. चित्रकारांनी हातांचं रेखाटन द्यावं. — तक्रारदार बाईचं काम जाण्याचा धोका.'

अशी एक ओळ दहा भाषणांहून जास्त कामाची. चौथा रकाना मात्र कोरा राहतो, कारण 'अमान्य' लिहिलं की कारण द्यावं लागतं आणि तेच नको असतं. तो रकाना भरा, सल्लागार परत येतील.

प्रश्न : मी संस्थेसाठी तीन गाणी लिहिली, बोधचिन्हही काढून दिलं. सल्लागार म्हणून, फुकट. आता ती गाणी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) कार्यक्रमात वाजली, तीही दोन कडवी गाळून. मला विचारलंही नाही. हक्क कुणाचा? (भवानी पेठ)

तुमचा. तुम्ही संस्थेचे नोकर नव्हता, म्हणून १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला मालक रचनाकार, म्हणजे तुम्ही. फुकट दिलं म्हणजे हक्क दिला असं होत नाही. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात कोणती रचना, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात हे यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं कायदाच धरतो. कडवी गाळल्यानं तुमच्या प्रतिष्ठेला धक्का बसत असेल तर कलम ५७ आहे. हक्क विकून टाकला तरी त्यातला हरकत घेण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो.

पण वकिलाची नोटीस ही पहिली पायरी नको. संस्थेला एक पानी परवानापत्र करून द्या : 'ही तीन गाणी संस्थेच्या सभा, मोर्चे व प्रशिक्षणांत विनामूल्य वापरता येतील. प्रायोजित कार्यक्रमात, ध्वनिमुद्रणासाठी किंवा शब्द बदलून वापरायची असल्यास आधी लेखी परवानगी. प्रत्येक वेळी रचनाकाराचं नाव.' मुदत तीन वर्षं. बोधचिन्हाचं वेगळं : ते संस्थेच्या शिक्क्यावर, पावत्यांवर जाणार, दर तीन वर्षांनी परवाना मागत बसणं दोघांनाही जड. त्याचा हक्क कायमचा लेखी देऊन टाका, जमलं तर मोबदला घेऊन.

नाटक, पोवाडा, चित्र करणाऱ्या सगळ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणावर काही रचताना नाव बदललं की झालं, असं समजू नका. पेठ, नवऱ्याचा धंदा आणि घटनेचा महिना एवढ्यावरून सोलापुरात माणूस ओळखू येतो. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि अल्पवयीनांच्या बाबतीत पॉक्सो कायदाही लागतो. नाटकाची संहिता तालमीला जाण्याआधी संस्थेच्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : आमच्या सल्लागारांपैकी एक कार्यकर्त्या महापालिकेला उभ्या राहणार म्हणतात. दुसरे एका दैनिकात व्यंगचित्रं काढतात. संस्थेला परदेशी देणगी येते. काही अडचण? (होटगी रोड)

दोघांच्याही बाबतीत जपून. परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की परदेशी देणगी कुणाकुणाला घेता येत नाही. त्या यादीत निवडणुकीचा उमेदवार आहे, आणि नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशकही आहेत. व्यंगचित्रकारानं सल्ला देण्यात काही गैर नाही, पण त्यांचा प्रवासखर्चसुद्धा परदेशी देणगीच्या खात्यातून करू नका. स्थानिक देणगीच्या खात्यातून करा आणि व्हाउचरवर खात्याचं नाव लिहा. तसंही त्या देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो.

उमेदवार ताईंनी अर्ज भरण्याआधी, खरं तर तिकीट मागतानाच, लेखी राजीनामा द्यावा. निकालानंतर त्यांना परत घ्यायचं का, हे तेव्हा नव्या ठरावानं ठरवा. त्यांच्या प्रचारपत्रकात 'अमुक संस्थेच्या सल्लागार' ही ओळ येऊ देऊ नका, आणि संस्थेची सतरंजी-माइकही प्रचाराला देऊ नका. सतरंजी क्षुल्लक वाटते, पण तक्रार होते ती तिच्या फोटोवरून.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे, पथनाट्य करतो. सल्लागार होता येईल का? (बार्शी)

मानधन न घेता, शाळेची वेळ सांभाळून सामाजिक काम करायला सहसा अडचण येत नाही. तरी व्यवस्थापनाला पत्र देऊन पोच घ्या, आणि पत्रात 'निर्णयाधिकार नसलेले, विनामोबदला' हे शब्द असू द्या. सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७९ चे वर्तणूक नियम पाहून कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावं. पथनाट्यात स्वतःच्याच खात्यावर टीका असेल तर गोष्ट वेगळी; तिथे आधी विचारलेलं बरं.

प्रश्न : सल्लागारपद सोडायचं आहे. तोंडी सांगून सहा महिने झाले, तरी माझं नाव फलकावर आणि देणगीच्या पावतीमागे छापलेलं आहे. (सात रस्ता)

तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या नावे पत्र लिहा : 'अमुक तारखेपासून मी सल्लागार नाही. १५ दिवसांत माझं नाव फलक, संकेतस्थळ, पुस्तिका, लेटरहेड आणि पावत्यांवरून काढावं.' कारण लिहायलाच हवं असं नाही. पत्र हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. पंधरा दिवसांनी फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

संस्थेनं पुढच्या सभेत नोंद घेऊन ठरावाची नक्कल तुम्हाला द्यावी. पावतीपुस्तकं महाग म्हणून संपेपर्यंत वापरायची असतील तर प्रत्येक पावतीवरचं नाव काळ्या शाईनं खोडावं. नुसती एक रेघ मारली तर नाव वाचता येतंच. उरलेली लेटरहेडं पाठकोरी म्हणूनही कुणाला देऊ नयेत. ती फाडावीत, कारण कोऱ्या लेटरहेडवर तुमच्या नावाखाली कोण काय लिहील याचा भरवसा नाही.